तीन चलने, एक सावकार

२००८ सालच्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस, शनिवारच्या दिवशी, लात्व्हियाच्या सरकारने पारेक्स नावाच्या बँकेचे ५१ टक्के भाग दोन लाट्स एवढ्या किमतीस ताब्यात घेण्याचे ठरविले. दोन लाट्स म्हणजे तीन युरोंनाही काही सेंट कमी. तेवढ्यात रीगा शहरात एका माणसाचे बेताचे जेवण कसेबसे झाले असते. पण या मोबदल्यात सरकारच्या पदरात पडली ती देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या बँकेची मालकी कमी आणि तिच्या देण्यांचा डोंगरच अधिक. सोव्हिएत सत्ता मावळत असताना परकी चलनाची अदलाबदल करणारी एक पेढी दोघा भागीदारांनी थाटली होती, तिचीच ही बँक झालेली. रशियातील आणि इतर माजी सोव्हिएत मुलखांतील धनिकांना, आपण तुम्हांस स्वित्झर्लंडपेक्षा जवळ आहोत, असे जाहिरातींतून सांगत ती वाढली. सप्टेंबरात न्यूयॉर्कची लेमन ब्रदर्स बुडाली, जगभरच्या बँकांचा एकमेकींवरील विश्वास उडाला, आणि पारेक्सच्या ठेवीदारांनी एकच घाई करून ठेवी काढून घेण्यास आरंभ केला. परदेशी बँकांच्या संघांकडून घेतलेली तिची मोठी कर्जे पुढच्याच वर्षी फेडीस येत होती. डिसेंबरच्या आरंभी खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा घालावी लागली. त्याच महिन्यात अर्थमंत्री आतिस स्लाक्तेरिस यांना एका परदेशी दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत, तुमच्या देशाच्या अर्थव्यवस्थेस झाले तरी काय, असे विचारले असता त्यांनी मोडक्या इंग्रजीत ‘नथिंग स्पेशल’ असे उत्तर दिले. विशेष काही नाही! ते दोन शब्द पुढे टी-शर्टांवर छापून विकले गेले.

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे एस्टोनिया, लात्व्हिया आणि लिथुएनिया अशी जी तीन राज्ये एकाखाली एक वसलेली आहेत, त्यांची एकत्रित लोकवस्ती त्या वेळी ७० लाखांच्या आतबाहेर, म्हणजे एकट्या बृहन्मुंबईच्या वस्तीहूनही बरीच कमी होती. परक्या माणसाला ही तिन्ही राज्ये सारखीच दिसतात, आणि त्याचा तेथील लोकांना मनस्वी राग येतो. एस्टोनियन भाषा फिनिशची बहीण, तर उरलेल्या दोन भाषा इंडो-युरोपीय कुलातील. लिथुएनिया कॅथलिक, तर उत्तरेकडील दोघांचा वारसा मुख्यतः ल्यूथरचा. तरीही २३ ऑगस्ट १९८९ रोजी, ज्या गुप्त कराराने हा मुलूख स्टालिनच्या घशात गेला त्यास पन्नास वर्षे होत असताना, टॅलिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर लांबीची माणसांची साखळी उभी राहिली आणि सुमारे २० लाख लोकांनी एकमेकांचे हात धरले. स्वातंत्र्य तिघांना बरोबरच मिळाले. संकटेही पुढे बरोबरच आली.

स्वतंत्र झालेल्या राज्याने प्रथम काय करावे, तर आपले नाणे पाडावे. एस्टोनियाने १९९२ च्या जूनमध्ये क्रून चालू केला आणि आठ क्रूनांस एक जर्मन मार्क असा दर कायद्याने बांधून टाकला. जेवढे क्रून व्यवहारात तेवढ्या मोलाची परकी गंगाजळी खजिन्यात असलीच पाहिजे, असा तो कडक बंदोबस्त होता. लिथुएनियाने १९९४ मध्ये चार लिटासांस एक डॉलर असा दर धरला आणि २००२ मध्ये तो युरोवर नेला. लात्व्हियाने २००५ च्या १ जानेवारीपासून एका युरोस ०.७०२८०४ लाट्स असा, दशांशचिन्हापुढे सहा अंकांचा, दर ठरविला. मराठवाड्यातील ज्या घरांत निजामी अमलाच्या आठवणी जुन्या माणसांच्या बोलण्यातून टिकल्या आहेत, तेथे हाली आणि कलदार हे शब्द फोड करून सांगावे लागणार नाहीत. सात हाली रुपयांस सहा कलदार हा दर चालत असताना शिक्का हैदराबादचा असे, पण त्याचे मोल इंग्रजी रुपयाच्या आधारानेच ठरे. बाल्टिक राज्यांनी हीच व्यवस्था स्वखुशीने पत्करली. महागाईने पोळलेल्या आणि रूबलची दैना डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांना, आपल्या नाण्यामागे बर्लिन वा फ्रँकफर्टची पत उभी आहे, याचा जो दिलासा वाटत होता, तो खोटा म्हणता येणार नाही.

परंतु ज्याने दर बांधला त्याच्या हाती व्याजाची दोरी उरत नाही. २००४ च्या मे महिन्यात तिन्ही राज्ये युरोपीय संघात दाखल झाली आणि पैशाचा पाट त्यांच्या दिशेने वाहू लागला. हा पाट स्टॉकहोमहून निघत होता. स्वेडबँकेने एस्टोनियातील हन्साबँक पूर्णपणे विकत घेतली. एसईबीने तिन्ही देशांतील एकेक मोठी बँक आधीच आपलीशी केली होती. रीगात दाउगावा नदीच्या पश्चिम तीरावर ‘साउलेस आक्मेन्स’ म्हणजे सूर्यशिला या नावाचा काचेचा जो सत्तावीस मजली मनोरा उभा आहे, तो हन्साबँकेचा आणि पुढे स्वेडबँकेचा. नदीपलीकडच्या जुन्या शहरातील चर्चांच्या शिखरांशी त्याने उंचीची जणू पैजच लावली होती. घरकर्जे युरोत दिली जात, कारण युरोचा व्याजदर कमी आणि दर तर कायमचा बांधलेला. मग कर्ज लाट्समध्ये काढायचे ते कोणी आणि कशासाठी? लात्व्हियातील दहांपैकी आठांहून अधिक कर्जे अशा रीतीने परकी चलनात गेली. सोव्हिएत काळातल्या गळक्या नळांच्या सदनिका पश्चिम युरोपच्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. पंतप्रधान आइगार्स काल्व्हीतिस यांनी नववर्षाच्या भाषणात सात सुबत्तेच्या वर्षांचे भाकीत केले. बायबलातील फारोच्या स्वप्नात धष्टपुष्ट गायींमागोमाग रोडक्या गायीही आल्या होत्या, हे त्यांच्या भाषणलेखकाने वाचले नसावे. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ होत होती, आणि परदेशाशी चालू व्यवहारातील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या वीस टक्क्यांच्याही वर गेली होती. वाढीचा आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येई. तुटीचा आकडा आतल्या पानावर राही.

येथे एक हिशेब जवळून पाहिला पाहिजे, कारण पुढचे सारे राजकारण त्याच्यावर उभे आहे. रीगातील एका जोडप्याने एक लाख युरोंचे घरकर्ज काढले असे धरू. बांधलेल्या दराने ते ७०,२८० लाट्सचे झाले. जोडप्याचा पगार लाट्समध्ये. आता समजा, सरकारने नाण्याचे अवमूल्यन केले आणि एका युरोस एक लाट्स असा दर आला, तर पगार आहे तेवढाच राहून कर्ज रातोरात एक लाख लाट्सचे होते. जवळजवळ तीस हजारांची ही भर त्या घराने ना मागितलेली ना उपभोगलेली. अवमूल्यनाचे जे गुण पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असतात, निर्यात स्वस्त होते, आयात आटते, कारखान्यांना काम मिळते, ते खोटे नाहीत. पण ज्या देशातली बहुतेक कुळे परक्या नाण्यात ऋणको आहेत, त्या देशात ते औषध प्रथम रोग्याच्याच अंगावर उठते. आणि कुळे बुडाली की सावकारही बुडतो.

हा सावकार तिन्ही घरांचा एकच होता, यातच या प्रकरणाचे सारे इंगित आहे. लात्व्हियाने लाट्स सोडला असता तर टॅलिनचा क्रून आणि व्हिल्नियसचा लिटास दुसऱ्या दिवशी कोणी विश्वासाने हाती धरला असता काय? तिन्ही देशांतील घरकर्जे बुडीत धरावी लागली असती तर स्टॉकहोमच्या बँकांचे काय झाले असते, आणि त्या बँकांना जामीन असलेल्या स्वीडिश सरकारचे काय? म्हणून डिसेंबर २००८ मध्ये लात्व्हियासाठी जी साडेसात अब्ज युरोंची तजवीज झाली, तिच्यातील हिस्सेदारांची यादी त्या प्रदेशाच्या नकाशासारखी वाचता येते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे १.७ अब्ज, युरोपीय संघाचे ३.१ अब्ज, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि नॉर्वे या उत्तरेकडील शेजाऱ्यांचे मिळून नाणेनिधीहून थोडे अधिकच. उरलेल्या किरकोळ हिश्शांत एस्टोनियानेही, स्वतःचे उत्पन्न झपाट्याने घसरत असताना, १० कोटी युरो देऊ केले. हा काही निव्वळ बंधुभाव नव्हता. नाणेनिधीच्या तज्ज्ञांत दर सैल करावा अशा मताचे लोक होते. निधीचे तत्कालीन मुख्य अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी, हा दर टिकविण्याचा हट्ट विनाशाकडे नेईल असे आपल्याला वाटत होते, अशी कबुली पुढे स्वतःच दिली. पण दर सोडू नये यावर रीगाची मध्यवर्ती बँक, ब्रुसेल्स आणि स्टॉकहोम यांचे एकमत झाले. लहान राष्ट्रास नाणे पाडण्याचा अधिकार असतो. ते पडू देण्याचा अधिकार मात्र शेजाऱ्यांकडे गहाण पडलेला असतो.

आणि हा आग्रह धरणाऱ्या स्वीडनचा पूर्वेतिहास काय होता? १९९२ च्या सप्टेंबरात आपल्या क्रोनाचा बांधलेला दर राखण्यासाठी स्वीडिश मध्यवर्ती बँकेने व्याजाचा एक दर पाचशे टक्क्यांवर नेला, आणि तरीही नोव्हेंबरात तिला माघार घेऊन क्रोना मोकळा सोडावा लागला. त्या अवमूल्यनाच्या बळावरच स्वीडिश कारखानदारी पुन्हा उभी राहिली. २००८-०९ मध्येही क्रोना युरोच्या तुलनेत चांगलाच घसरला आणि स्वीडनने ती घसरण मुकाट्याने गोड मानून घेतली. स्वतः दोनदा जी वाट धरली तीच शेजाऱ्यास बंद, यात ढोंग आहे असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. मात्र याच सावकारांनी संकटात आपला पैसा काढून नेला नाही, तोटे सोसले, स्वेडबँकेने भागधारकांकडून पुन्हापुन्हा भांडवल उभे करून बाल्टिक शाखा चालू ठेवल्या, हेही जमेस धरले पाहिजे. १९९७ मध्ये थायलंड वा इंडोनेशियास असा, बुडाला तरी जागा न सोडणारा धनको लाभला नव्हता.

नाणे स्वस्त करायचे नाही असे ठरले की माणूस स्वस्त करावा लागतो. याला तेथील अर्थपंडितांनी ‘अंतर्गत अवमूल्यन’ असे सोज्वळ नाव दिले. १३ जानेवारी २००९ च्या संध्याकाळी रीगाच्या डोम चौकात सुमारे दहा हजार लोक संसद बरखास्त करा म्हणून जमले; सभा शांततेत संपली, पण पांगणाऱ्या जमावातील तरुणांनी फरसबंदीचे दगड उखडून संसदेच्या खिडक्या फोडल्या आणि पोलिसांची गाडी उलथवली. तीनच दिवसांनी व्हिल्नियसमध्ये संसदेसमोर तसाच प्रकार घडून अश्रुधूर सोडावा लागला. फेब्रुवारीत रीगातील सरकार कोसळले, आणि मार्चमध्ये व्हाल्दिस दोम्ब्रोव्स्किस हा सदतीस वर्षांचा, आवाज न चढविता बोलणारा गृहस्थ पंतप्रधान झाला. सरकारी पगार कापले गेले, शिक्षकांचे तर विशेष निर्दयतेने; शंभराहून अधिक शाळा बंद झाल्या, इस्पितळांची संख्या घटविण्यात आली. जुलैपासून निवृत्तिवेतनात दहा टक्के, आणि निवृत्तीनंतरही नोकरी करणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनात सत्तर टक्के कपात झाली. डिसेंबरात घटना-न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून रकमा परत करण्याचा हुकूम दिला. सरकारने तो निमूटपणे अमलात आणला, ही गोष्ट त्या लहानशा लोकशाहीच्या लौकिकात भर घालणारी आहे.

बेकारी वीस टक्क्यांवर पोहोचली. ज्यांचा बेकारभत्ता संपला त्यांच्यासाठी सरकारने महिना शंभर लाट्सवर कामे काढली, आणि ती करणाऱ्यांना लोक ‘सिम्तलात्निएकी’ म्हणजे शंभर-लाट्सवाले म्हणू लागले. आपल्याकडील दुष्काळी कामांवर जशी खडी फोडणारी माणसे दिसत, तशी येथे कालपरवापर्यंत दुकानात वा कचेरीत बसणारी माणसे रस्त्याकडेचे गवत कापताना, चर उपसताना, दफनभूमीची झाडलोट करताना दिसू लागली. आडगावांतून या शंभर लाट्ससाठीही प्रतीक्षायादी असे.

एस्टोनियाची गोष्ट याहून सुकर झाली, कारण भरतीच्या काळात त्याने शिल्लक टाकलेली होती आणि सरकारी कर्ज नाममात्र होते. बेकारी तेथेही वीस टक्क्यांपर्यंत चढली, पगार तेथेही घटले. पण हात पसरावा लागला नाही, आणि १ जानेवारी २०११ रोजी एस्टोनिया युरोत दाखल झाला. लिथुएनियाचा मार्ग मानी माणसाचा. २००६ मध्ये त्याने युरोसाठी अर्ज केला असता महागाईचा दर मर्यादेहून दशांश एक टक्का अधिक भरला म्हणून अर्ज फेटाळला गेला होता. ज्या संघात मोठ्या राष्ट्रांनी तुटीचे नियम खुशाल मोडले, त्यानेच हा काटेकोरपणा दाखवावा, याचे शल्य तेथे अद्याप आहे. संकट आले तेव्हा आंद्रियुस कुबिलियुस यांच्या सरकारने नाणेनिधीच्या दारात न जाता बाजारातून नऊ टक्क्यांहून अधिक व्याजाने कर्ज उचलले आणि डिसेंबरच्या रात्री जागून करांचा सारा कायदा बदलला. मूल्यवर्धित कर अठराचा वर्षभरात एकवीस टक्के झाला. इकडे शेजारच्या पोलंडचा झ्लॉटी बांधलेला नसल्यामुळे घसरून स्वस्त झालेला. परिणाम असा की सुटीच्या दिवशी लिथुएनियातील कुटुंबे मोटारी काढून सरहद्दीपलीकडच्या सुवाल्की गावी जात आणि लोणी, मांस, साखर, धुण्याची पूड यांनी गाडी भरून परतत. सरहद्दीवर जकात नाही, अडवणूक नाही. दर बांधलेले राज्य आणि दर मोकळा सोडलेले राज्य एकमेकांच्या दाराशी असले की काय होते, हे त्या बाजारपिशव्यांतून जितके कळे तितके कोणत्याही अहवालातून कळले नसते.

एका वर्षात, २००९ मध्ये, तिन्ही राज्यांचे उत्पन्न सुमारे एक सप्तमांशाने घटले. त्या वर्षाच्या ३ जूनला लात्व्हियाच्या खजिन्याने अल्पमुदतीचे रोखे लिलावास काढले, तर एकही बोली आली नाही. आता लाट्स जाणार अशी आवई उठली, आणि घसरला तो स्वीडिश क्रोना. आठवडाभरात स्वीडिश मध्यवर्ती बँकेने युरोपीय मध्यवर्ती बँकेकडून तीन अब्ज युरो उसने घेऊन ठेवले. कोणाच्या घरी आग आणि कोण घागरी भरून ठेवतो, हे एवढ्यावरूनच उघड व्हावे.

लाट्स गेला नाही. २०१० मध्ये उतार थांबला, निर्यात सावरली, आणि ज्याने पगार कापले त्याच दोम्ब्रोव्स्किस यांना ऑक्टोबरच्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा निवडले. नाणेनिधीचे कर्ज २०१२ च्या अखेरीस मुदतीपूर्वीच फेडले गेले. लात्व्हिया २०१४ मध्ये आणि लिथुएनिया २०१५ मध्ये युरोत गेला. यावर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर वाग्युद्ध पेटले. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी आरंभी लात्व्हियास दुसरे अर्जेंटिना म्हटले होते. २०१२ मध्ये त्यांनी एस्टोनियाच्या यशाविषयी शंका घेताच अध्यक्ष तूमस हेंड्रिक इल्व्हेस यांनी ट्विटरवर त्यांच्यावर असा काही भडिमार केला की पुढच्या वर्षी त्या भांडणावर टॅलिनमध्ये ‘नोस्ट्रा कुल्पा’ या नावाची छोटी संगीतिका रंगमंचावर आली. अर्थशास्त्रज्ञांच्या मतभेदाला वाद्यवृंदाची साथ मिळण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग असावा.

वादात दोन्ही पक्ष राष्ट्रीय उत्पन्नाचे आलेख दाखवीत. शिरगणतीची वही फारसे कोणी उघडत नसे. लात्व्हियाची लोकसंख्या २००० मध्ये २३.८ लाख होती ती २०११ च्या गणनेत २०.७ लाख भरली, लिथुएनियाची २००१ मधील ३४.८ लाखांवरून ३०.४ लाखांवर आली. यातील सारी घट संकटाच्या खाती मांडता येणार नाही: जन्म कमी आणि मृत्यू अधिक हे आधीपासून चालले होते, आणि आयर्लंड-इंग्लंडची वाट २००४ मध्येच मोकळी झाली होती. पण संकटाने त्या वाटेवरची गर्दी वाढविली. लिथुएनियात २०१० या एका वर्षी देश सोडल्याची नोंद करणारे सुमारे ८३,००० निघाले. त्यातील बरेच जण कधीच गेलेले होते. आरोग्यविम्याचा हप्ता प्रत्येक रहिवाशास सक्तीचा झाला, तेव्हा तो चुकविण्यासाठी त्यांनी आपण येथे राहत नसल्याचे सरकारदरबारी घाईने रुजू केले. गेलेला माणूस बेकारांच्या यादीतून उतरतो, दरडोई उत्पन्नाच्या भागाकारातील छेद लहान करतो आणि मोर्च्यात येत नाही. बांधलेल्या दराची किंमत जेवढी कापलेल्या पगारांनी चुकविली, तेवढीच या उघड्या सरहद्दीने चुकविली. ती सरहद्द बंद असती तर डोम चौकातली ती एक संध्याकाळ एकटीच राहिली असती, असे मला वाटत नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात ग्रीसच्या कर्जाचा प्रश्न युरो-राष्ट्रांपुढे निकरावर आला, तेव्हा सवलतीस कडवा विरोध करणाऱ्यांत ही तिन्ही राज्ये पुढे होती. ग्रीक सरकारचे सारे काही उद्यावर असते, असा टोला लिथुएनियाच्या अध्यक्ष दालिया ग्रिबाउस्काइते यांनी हाणला. आमच्या म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन तुमच्यापेक्षा कमी, आणि तुमच्या कर्जाला जामीन आम्ही का राहावे, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. पण ग्रीसचे ऋण सरकारी होते आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीडपटीहून अधिक होते. बाल्टिकचे ऋण बहुतांशी खासगी होते, आणि त्याच्यामागे स्वतःच्या जिवाच्या भीतीने का होईना, पाय रोवून उभा राहिलेला एक धनवान शेजारी होता. या फरकाचा ज्याला सर्वांहून चांगला अनुभव असावा असा एक माणूस त्या वाटाघाटींत होता. २००९ मध्ये नाणेनिधीच्या अटी कबूल करून पगार कापणारे दोम्ब्रोव्स्किस आता युरोपीय आयोगाचे उपाध्यक्ष होते, युरोचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि ग्रीसला अटी घालणाऱ्यांच्या बाजूला ते बसले होते.